करड्या गाडीचा आळ

मी जॅक आहे. गाडी उचलणारा, चार लोखंडी चाकांचा, लांब दांड्याचा. तीन टन पेलतो असं अंगावर कोरलेलं आहे, आणि ते खोटं नाही. मला बोलायची सवय नाही. पण माझ्यावर आळ आला, आणि ज्याने तो पुसायचा त्यानेच तो पक्का केला. म्हणून बोलतो आहे. एकदाच बोलेन. मधे टोकू नका.

जन्माचं थोडक्यात सांगतो. ओतीव लोखंड, पोटात तेल, माथ्यावर गाडी टेकायला वाटी. पहिला धनी ट्रकवाला होता. त्याने मला पावसात टाकलं, माझ्यावर बसून जेवला, माझ्या पाठीवर वाकडे नट ठोकून सरळ केले. ट्रक उचलताना मात्र ‘चल राजा’ म्हणायचा. गरज असली की माणूस गोड बोलतो, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो.

दुसरा धनी मिस्त्री. त्याने मला घेतलं तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. आणलं त्याच दिवशी मला रॉकेलने धुतलं, तेल बदललं, आतलं रबर नवं घातलं. रोज काम संपलं की फडक्याने पुसायचा. गोड बोलला नाही कधी. मला ते आवडलं.

त्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. पुढच्या खोलीत त्याची बायको गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. तिचं मशीन जड, तिचा हात त्याहून जड. नवरा-बायको दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील. त्यातली सहा ‘चहा झाला का’ अशी.

मिस्त्रीचा एक नेम होता. मी गाडी उचलली की तो आधी तिच्याखाली लोखंडी घोड्या सरकवायचा, गाडी त्यांच्यावर टेकवायचा आणि मगच हात आत घालायचा. जॅकने उचलावं, घोडीने धरावं, असं त्याचं म्हणणं. मला त्यात अपमान वाटला नाही. माझ्या पोटात तेल आहे, ते कधीतरी सुटू शकतं. घोडीच्या पोटात काहीच नाही. ती फसवणार कशाने? आसपासचे गॅरेजवाले नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली आडवे व्हायचे. मिस्त्री त्यांना चारचौघांत झापायचा. ‘घरी शेवटचं सांगून आलायस का?’ असं विचारायचा. पस्तीस वर्षं त्याने हा नेम मोडला नाही आणि पस्तीस वर्षं तो मिरवला. हे लक्षात ठेवा. मिरवलेली गोष्ट मोडली की माणूस काहीही लपवतो.

आता गाड्यांचं.

मिस्त्रीचा धाकटा भाऊ ऑफिसात आहे. टाय लावतो. त्याला वरची जागा मिळाली आणि त्याच्या डोक्यात स्पोर्ट सेडान शिरली. बड्या कंपनीची, नाकावर बिल्ला असलेली. बड्या कंपनीच्या बड्या गाड्या याला झेपणाऱ्या नव्हत्या. म्हणून त्याच कंपन्यांची सगळ्यांत खालची पायरी, तीही तीन वर्षं वापरलेली. बंगला परवडत नाही तेव्हा लोक त्याचं फाटक विकत घेतात आणि फाटकापाशी उभं राहून फोटो काढतात. मी अशी फाटकं पुष्कळ उचलली आहेत.

एका रविवारी दलाल तीन गाड्या घेऊन आला. एक लाल, एक पांढरी, एक करडी. धाकट्याने मोबाइलवर तक्ता केला होता. कोणती किती सेकंदांत शंभरचा वेग घेते. कोणतीत किती स्पीकर. आतल्या दिव्यांचे रंग किती. चौसष्ट रंगांना दहापैकी नऊ गुण दिले होते. गाडीच्या पोटाला त्या तक्त्यात रकाना नव्हता. तो काय, कुणाच्याच तक्त्यात नसतो. माणूस टायरला लाथ मारतो, दार दोनदा आपटतो, आतला वास घेतो आणि मान डोलावतो. मी तीस-चाळीस वर्षं हे बघतोय. गुडघे टेकून खाली बघणारा लाखात एक. बाकीच्यांना विजारीची इस्त्री प्यारी.

धाकट्याने आपल्या दोन मुलींनाही आणलं होतं. मागच्या सीटवर कोण बसणार, तर त्या. म्हणून.

या गाड्या इतक्या बुटक्या की माझं डोकंही आत जाईना. मिस्त्रीने दोन फळ्या टाकल्या, गाडी त्यांच्यावर चढवली, तेव्हा कुठे मी शिरलो. रस्त्यावरच्या खड्ड्याला घाबरणारी गाडी स्वतःला स्पोर्ट म्हणवते, यावर मी बोलत नाही.

लाल पहिली. वरून दिमाख मोठा, आत टीव्हीसारखा पडदा हातभर, खालून साधी. इंजिन आडवं, ओढतात पुढची चाकं, शेजारच्या मास्तरांच्या गाडीत असतात तशीच. कोट घातलेला कारकून म्हणा. पण पोट कोरडं. तेलाचा थेंब नाही, सगळे स्क्रू जागच्या जागी, पत्रा कारखान्यातून आला तसा. मिस्त्री नुसतं ‘हं’ म्हणाला. त्याच्या ‘हं’ला वजन असतं.

पांढरी दुसरी. ताकद मागच्या चाकांना, इंजिन जोरकस. पण इंजिनाच्या मागच्या अंगाने तेल पाझरत होतं आणि टायर आतल्या कडेने खाल्लेले. जादा चाक नाहीच. त्या जागी हवेचा पंप आणि पंक्चर बुजवायच्या डिंकाची बाटली. टायर असे कडक की बसणाऱ्याने मणके मोजून घ्यावेत. मिस्त्रीने तिला चारही घोड्यांवर चढवून चाकं काढली, कारण दलाल म्हणत होता तेल वरून सांडलंय. वरून सांडलं नव्हतं.

तिसरी करडी. तिला धाकट्याने फिरवून आणलं होतं आणि उतरला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला. स्टिअरिंग कसं बोलतं, वळणावर कशी चिकटून राहते, मागून आवाज कसा येतो, सगळं सांगत सुटला. मुली मागे बसून हसत होत्या. तक्त्यात करडी पहिली आली होती. खरं सांगायचं तर चालायला ती चांगली असेलही. मला चालणं कळत नाही. मला वजन कळतं.

मी खाली शिरलो. पोट सगळं नव्या काळ्या रंगाने माखलेलं. तीन वर्षांच्या गाडीचं पोट नवं काळं कशाला? म्हाताऱ्याने एकदम केस रंगवले तर घरात चौकशी होते. इथे कुणी करेना. मिस्त्रीने मला दाराखालच्या पट्टीला लावलं, चार दांडे मारले, गाडी उचलली. उचलतानाच मला कळलं. धड लोखंड माझ्यावर उलटा दाब देतं. हे देत नव्हतं. मऊ होतं.

मिस्त्रीलाही कळलं. दांड्यातून कळतं. तो सरळ झाला आणि म्हणाला, “ही घेऊ नकोस. लाल घे.”

धाकटा हसला. लाल घेतली तर ऑफिसात लोक काय म्हणतील, पुढच्या चाकांनी ओढणारी स्पोर्ट गाडी कुणी घेतं का, असं बरंच बोलला. मिस्त्री म्हणाला, पट्टीत काहीतरी भरलेलं आहे. धाकटा म्हणाला, दाखव. मिस्त्री म्हणाला, घोड्या पांढरीखाली आहेत, ती उतरवतो, मग दाखवतो, अर्धा तास. दलालाने घड्याळ बघितलं. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणाला. दलालांचं दुसरं गिऱ्हाईक कायम थांबलेलंच असतं.

तेव्हा धाकटा बोलला. “दादा, तुला जन्मात प्रत्येक गाडीत खोटच दिसली. दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आयुष्य गेलं तुझं. एक तरी स्वतःची घेतलीस का?”

मुलींसमोर बोलला. दलालासमोर बोलला.

मिस्त्री खाली वाकला, पेचकस घेतला आणि नुसत्या माझ्या भरवशावर उजवा हात आत घातला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. त्याने पेचकस पट्टीत खुपसला. पुट्टीचा ढलपा पडला, हातभर लांब. “हे बघ,” एवढं म्हणाला, आणि पट्टी माझ्या वाटीत अंड्याच्या कवचासारखी मोडली.

गाडी घसरली. मी कलंडलो. त्याची दोन बोटं गाडी आणि मी यांच्यात सापडली. माझ्याच अंगावर चिरडली ती. तो ओरडला नाही. धाकटी पुतणी ओरडली.

दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. अंगठ्याशेजारची आणि मधली.

आता पुढचं ऐका, कारण माणसं कशी असतात ते इथे आहे. मी आडवा पडलो तेव्हा माझं बूच निघालं आणि जमिनीवर तेल आलं. दलालाने ते बघितलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला. जॅक गेला. जॅकचं तेल सुटलं, गाडी पडली, पडल्यामुळे पट्टी चेपली. पुट्टीचं काय, तर म्हणे किरकोळ पोचा भरला होता, कोण भरत नाही? सगळं उलट्या क्रमाने, पण सुरळीत. धाकट्याने ते झेललं. खरं मानलं असतं तर भावाची बोटं आपल्या बोलण्याने गेली हे मानावं लागलं असतं आणि वर गाडीही हातची गेली असती. एका जॅकला खोटं ठरवलं की दोन्ही वाचत होतं. ‘तरी मी म्हणत होतो, जॅक जुनाट झालाय,’ असंही तो म्हणाला. कधी म्हणाला नव्हता.

आणि मिस्त्री? हाताला पट्ट्या बांधून घरी आला. शेजारचे गॅरेजवाले जमले. काय झालं विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. “जॅक गेला,” म्हणाला. ज्यांना जन्मभर झापलं त्यांच्यापुढे घोडी लावली नव्हती हे कसं सांगणार? मला शेडच्या मागे भंगारात टाकलं. ट्रकवाल्याने पावसात टाकलं होतं, पण खोटं तरी ठरवलं नव्हतं.

धाकट्याने करडी घेतली. दलालाने पट्टी पुन्हा भरून, रंगवून दिली. रोज सकाळी ती गाडी गॅरेजवरून जायची. मागे दोन मुली, थोरली त्याच पट्टीच्या बाजूला बसलेली. गाडी दिसली की मिस्त्री आत जायचा आणि भिंतीकडे तोंड करून काहीतरी शोधत राहायचा. काही हरवलेलं नसायचं.

बायकोने हे दोन आठवडे बघितलं. मग ती शेडच्या मागे आली, मला दांड्याला धरून ओढत पुढे आणलं. पुसलं. तेल भरलं, बूच ठोकलं. सीट कव्हरं न्यायला एक व्हॅन येते, ती माल भरून उभी होती. तिने ती माझ्यावर उचलली. घोडीही लावली, पण अर्धं बोट खाली, टेकणार नाही अशी. पदर खोचला, कापड आखायच्या खडूने माझ्या पोटातून बाहेर आलेल्या दट्ट्यावर रेघ मारली आणि जाऊन मशीनवर बसली. दिवसभर व्हॅनवाला बोंबलत होता. तिने त्याला चहा पाजला आणि बसवून ठेवला. संध्याकाळी उजेड असताना नवऱ्याला बोलावलं. रेघ होती तिथेच होती. केसभर खाली आली नव्हती.

“जॅक उतरला नाही,” ती म्हणाली. “मग त्या दिवशी काय मोडलं?”

तो वाकून रेघेकडे बघू लागला.

“तुम्हाला माहीत आहे. मुली त्यात बसतात.”

“सांगितलं तर तो विचारेल, घोडी का नव्हती.”

“मग सांगा का नव्हती ते. दोन बोटं गेली तरी ताठा जाईना का?”

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. एवढं लांब भांडण त्यांच्यात पहिलंच.

पुढच्या रविवारी त्याने धाकट्याला बोलावून घेतलं. गाडी घेऊन ये, असं कळवलं. धाकट्याला वाटलं, दादा नरमला, गाडीचं कौतुक करणार. मुलींना घेऊनच आला. वाटेत ओळखीचा दुकानदार भेटला त्यालाही गाडी दाखवून आला म्हणे.

मिस्त्री शेडच्या तोंडाशी उभा होता. मी शेजारी. त्याने नमस्कार-चमत्कार केला नाही.

“जॅक धड आहे,” तो म्हणाला. “घोडी मी लावली नाही. तू बोललास, माझं डोकं फिरलं आणि मी नुसत्या जॅकवर हात घातला. ती चूक माझी. पण पत्रा आधी मोडला, गाडी नंतर पडली. माझ्या बोटांना कळलं होतं ते. बोटं आता नाहीत, नाहीतर साक्षीला आणली असती.”

धाकटा म्हणाला, “हे तू महिन्याने सांगतोस?”

“हो. महिनाभर भ्यालो होतो.”

असं वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. धाकट्यानेही नसावं. त्याने आधी मुलींना गाडीतून उतरायला सांगितलं. पटकन सांगितलं, हात धरून खाली ओढलं धाकटीला. तेव्हा मला वाटलं, आहे, माणसात काहीतरी आहे.

पाव तास टिकलं. मग त्याने मोबाइल काढला. दलाल परत नाही घेणार, पण ऑफिसात एक जण मागतोय, गाडीवर त्याचा जीव आहे, असं तो हिशेब लावू लागला. पट्टी एकदम झकास रंगवून घ्यायची. “तू फक्त कुठे बोलू नकोस, दादा. घरातली गोष्ट घरात.”

मिस्त्रीने माझा दांडा बायकोकडे दिला. तिने गाडी उचलली. या वेळी चारही घोड्या लागल्या. मिस्त्री जमिनीवर बसला, तारेचा ब्रश डाव्या हातात घेतला आणि घासू लागला. डाव्या हाताने काम जमत नव्हतं, ब्रश निसटत होता. तरी घासत राहिला. काळा रंग गेला. पुट्टी गेली. खाली जोडाची जाडजूड रेघ निघाली, एका पट्टीवरून गाडीच्या पोटाखालून आडवी दुसऱ्या पट्टीपर्यंत. पुढचं अर्धं अंग एका गाडीचं. मागचं दुसऱ्या गाडीचं. मधे शिवलेलं. तक्त्यात पहिली आलेली गाडी एक नव्हतीच. त्या रविवारी धाकट्याने तीन नाही, चार गाड्या तोलून बघितल्या होत्या आणि त्याला पत्ता नव्हता.

मुली मागच्या अर्ध्यात बसायच्या.

“दादा, हात काढ. माझी गाडी आहे ती,” धाकटा म्हणाला.

मिस्त्री घासता घासता म्हणाला, “गाडी तुझी. आता तीत बसणाऱ्या पोरी दुसऱ्या कुणाच्या असतील, एवढंच.”

पूर्ण जोड उघडा पडेपर्यंत तो उठला नाही. कुणीही गुडघे न टेकता बघू शकेल इतका उघडा. मग आसपासच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना हाक मारून दाखवला. तेव्हा एकाने विचारलंच, मग तुझी बोटं कशी गेली? मिस्त्रीने सांगितलं. घोडी लावली नव्हती. जॅकचा दोष नव्हता. ते हसले. ज्यांना ज्यांना त्याने झापलं होतं ते सगळे मन भरेपर्यंत हसले. एकाने त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं, घरी शेवटचं सांगून आला होतास का म्हणून. मिस्त्रीने ऐकून घेतलं. खाली मान घालून नाही. त्यांच्याकडे बघत.

भाऊ आता बोलत नाहीत. धाकटा सगळीकडे सांगतो की दादाने जळून माझी गाडी घासून टाकली. तो बसने ऑफिसला जातो. ऑफिसातल्या त्या माणसाने दुसरीकडून लाल गाडी घेतली. करडी शेडसमोर विटांवर उभी आहे, जोडाला गंज चढलाय. दलाल त्या रस्त्याने येत नाही.

मुली पायी शाळेत जातात. दोघी.

मला मिस्त्रीने पुन्हा कामाला लावलं. डाव्या हाताने दांडा मारतो, पूर्वी चार मारायचा तिथे सहा लागतात. संध्याकाळी पुसतो. माझी माफी मागितली नाही आणि मागितली असती तरी मी दिली नसती. जॅक माफ करत नाही. पण तो चारचौघांत आपल्या तोंडाने बोलला, आणि ते बोलणं माझ्यावर कोरलेल्या तीन टनांपेक्षा जड होतं. मी वजनातलं जाणतो.

तुम्ही गाडी घ्यायला जालच. तक्ते करा, सेकंद मोजा, दिव्यांचे रंग मोजा. माझं काही जात नाही. पण उभ्याने घेऊ नका. गुडघे टेका. विजार धुता येते. आणि कुणी तुम्हाला खालचं दाखवायला हात आत घालत असेल, तर तेवढा वेळ तोंड बंद ठेवा.

झालं माझं. एक गाडी आली आहे. बाजूला व्हा.